नव्या घरात जुने टॉवर मावेनात: छोटे स्पीकर कोणत्या प्रकारचे घ्यावेत?

उंबरठा

नमस्कार मंडळी,

महिन्यापूर्वी घर बदललं. निम्मे खोके अजून उघडायचे आहेत, पण स्पीकर मात्र पहिल्याच रात्री लावले आणि तेव्हापासून डोक्याला ताप आहे.

जुना हॉल साडेसहा मीटर लांब, साडेचार रुंद. तिथे माझे टॉवर भिंतीपासून चांगले मीटरभर पुढे उभे असायचे. उंची मीटरच्या वर, प्रत्येकात खालच्या सुरांचे आठ इंची दोन वूफर, डब्यातलं हवेचं भोक म्हणजे पोर्ट मागच्या बाजूला. बारा वर्षांत एक तक्रार नाही. नवी खोली ४ मीटर बाय ३.२, छत २.७५ वर. लांबीच्या एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला भिंतीला टेकून सोफा. स्पीकरच्या डावीकडे बाल्कनीचं काचेचं दार, उजवीकडे भिंतीतलं कपाट. टॉवर भिंतीपासून जेमतेम २० सेंटीमीटरवर आले आहेत आणि डावा बुवा दार अर्धं अडवून उभा आहे.

आवाजाचं म्हणाल तर डग्ग्याचा एक घुमारा खोलीभर फिरत राहतो. बाकी सगळं ठीक, मग तो ठरावीक सूर आला की कपाटाचं दार थरथरतं. उलट पुरुष गायकाचा आवाज छातीतून न येता कुठूनतरी नळीतून येतो. दोन्ही तक्रारी एकाच वेळी कशा, ते कळत नाही.

अ‍ॅम्प ६० वॅटचा आहे, तो बदलायचा नाही. ऐकणं बहुतेक रात्री, घर झोपल्यावर, म्हणजे बारीक आवाजात. घरच्यांचं म्हणणं एकच, दार उघडायला हवं. तेव्हा बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर, घ्यायचं जवळपास ठरलंय. पण मित्राकडे ऐकलेले छोटे स्पीकर फार किरटे वाटले होते. पाच इंची की साडेसहा? पोर्टवाले की बंद डब्याचे? नुसत्या बेसचा वेगळा डबा, म्हणजे सब, लागेलच का?

केबलचा विषय कृपया काढू नका, धागा कधी संपणार नाही.

नुसता_वाचक

टॉवर विकणार असाल तर रांगेत पहिला नंबर माझा.

मोजपट्टी

उंबरठा, स्पीकर घ्यायच्या आधी दहा मिनिटांचं गणित करू. तुमच्या दोन्ही तक्रारींची उत्तरं त्यात आहेत.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी बसते, ती तिथे अडकून पडते. ३४३ ला खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागा. तुमच्या ४ मीटरला ४३ हर्ट्झ येतात. त्याची दुप्पट ८६, तीही अडकते. जुन्या हॉलमध्ये हाच आकडा २६ होता, आणि इतक्या खाली बहुतेक ध्वनिमुद्रणांत फारसं काही नसतंच. म्हणजे तेव्हाही खोली घुमत होतीच, फक्त तिला घुमवणारं कोणी नव्हतं.

आता गंमत बघा. अशा लहरीचा दाब भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो. तुमचे स्पीकर एका भिंतीला चिकटलेले, तुमचं डोकं दुसऱ्या भिंतीला. म्हणजे तिला ढकलायलाही उत्तम जागा आणि ऐकायलाही उत्तम जागा. डग्गा ८६ च्या आसपास पडत असणार, माझी पैज.

दुसरी तक्रार. स्पीकरचा खालचा आवाज चहूकडे जातो. मागच्या भिंतीवर आपटून परत येणारा आवाज जेव्हा अर्धी लहर मागे पडतो, तेव्हा तो समोरच्याला खाऊन टाकतो. ती जागा काढायची तर ३४३ ला वूफर ते भिंत या अंतराच्या चौपटीने भागायचं. टॉवर ४० सेंटीमीटर खोल धरला, अधिक तुमचे २० म्हणजे ६० सेंटीमीटर. उत्तर १४३ हर्ट्झ. पुरुष आवाजाचा पाया तिथेच कुठेतरी असतो. म्हणून नळी.

खरेदी बाजूला ठेवा आणि फोनवर टोन जनरेटर, म्हणजे हवा तो एकच सूर वाजवणारं अ‍ॅप, घ्या. ४३ आणि ८६ वाजवा, हळू आवाजात, आणि खोलीत चालून बघा. मागच्या पोर्टमध्ये मोजे कोंबून बघा, धुतलेले असले तर उत्तम.

दणका

मोजपट्टी नेहमीप्रमाणे वही घेऊन आले. :)

उंबरठा, मी स्पष्ट सांगतो. बारा वर्षं चार आठ इंची वूफर ऐकलेल्या माणसाला पाच इंची स्पीकर पंधरा दिवसांत नकोसा होतो. हवा हलल्याशिवाय बेस नाही. तेवढ्याच जोरात एक सप्तक खाली जायचं तर वूफरच्या पडद्याला चौपट हवा ढकलावी लागते. आणि आठ इंची दोन वूफरचं क्षेत्रफळ पाच इंची एकाच्या पाचपट आहे. तो बिचारा किती आत-बाहेर करणार? टॉवर ठेवा, दाराचं बघून घ्या. नाहीतर छोटे घ्यायचेच असतील तर दोन सब घ्या.

खिडकीपाशी

दणकादादा, गणित बरोबर आहे, पण "तेवढ्याच जोरात" हे तुम्हीच घातलंत. ते म्हणाले की घर झोपल्यावर ऐकतो.

मी नऊ वर्षं बंद डब्याचे पाच इंची ऐकतेय, यापेक्षा लहान खोलीत. थोडं लांबण लावते, क्षमस्व.

स्पीकर बनवणाऱ्यांत जुना नियम आहे, हॉफमनचा म्हणतात. छोटा डबा, खोल बेस आणि थोड्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. छोट्या खोलीत, बारीक आवाजात ऐकणाऱ्याने यातली तिसरी निर्धास्त सोडावी. बीबीसीने १९७० च्या दशकात एलएस३/५ए हा स्पीकर बनवला तो बाहेरच्या प्रक्षेपणाच्या गाड्यांसाठी. गाडीत जागाच नाही, माणूस स्पीकरला जवळजवळ नाक लावून बसलेला. डबा पाचेक लिटरचा, बंद, आणि एका वॅटला जेमतेम ८२-८३ डेसिबल देणारा आळशी प्राणी. पण माणसाचा आवाज त्यातून असा येतो की आजही लोक त्याच्या नकला करतात. त्याचा खालचा बेस नाहीच म्हणा, मात्र शंभरच्या वर जरासा फुगवटा ठेवलाय आणि कान बाकीचं स्वतः भरून घेतो. सुराचे वरचे अंश ऐकू आले की मूळ सूर गैरहजर असला तरी मेंदू तो धरून चालतो. दूरध्वनीवर भारदस्त आवाजाचा माणूस भारदस्तच वाटतो, तसं.

बंद डबा आणि पोर्ट यांतला फरक तुमच्या खोलीत महत्त्वाचा. पोर्टवाला एका ठिकाणापर्यंत जोर लावतो आणि मग कड्यावरून पडावा तसा पडतो, सप्तकाला २४ डेसिबलने. बंद डबा आधीच उतरायला लागतो पण १२ च्या उताराने. आणि छोटी खोली, त्यात पाठीशी भिंत, खालच्या सुरांना उचलून धरते. उतार आणि उचल एकमेकांना बऱ्यापैकी भागतात. तुमच्या टॉवरचा पोर्ट आधीच जोर लावतोय, वर भिंत भर घालतेय, म्हणून ओसंडतंय.

मित्राकडचे किरटे वाटले ते कुठे ठेवले होते?

उंबरठा

खिडकीपाशी ताई, आठवून बघितलं. मोठ्या हॉलच्या मधोमध, स्टँडवर, चारही भिंतींपासून लांब. आणि आम्ही गप्पा मारत दूर बसलेलो. आलं लक्षात.

मोजपट्टी, काल रात्री तुमचा प्रयोग केला. ८६ लावला आणि सोफ्यावर डोकं मागे टेकलं. दणदण. कपाटाचं दार वाजायला लागलं, तोच सूर! मग तसाच पुढे वाकलो तर आवाज ओसरायला लागला. उठून एक पाऊल टाकलं, भिंतीपासून साधारण मीटरभर, आणि आवाज गेला. बंद केलाय का असं वाटून फोन बघितला. परत मागे, परत दणदण. पाचसहा वेळा पुढेमागे केल्यावर बायको दारात उभी दिसली. काय चाललंय असं तिने विचारलं नाही, लग्नाला बरीच वर्षं झाली.

४३ वेगळा निघाला. तो सोफ्यावर जोरात आणि पुढे आलो तरी फारसा कमी होईना, खोलीच्या मधोमध गेल्यावर गेला. मोजे कोंबल्यावर ४३ बराच आवरला. ८६ वर ढिम्म परिणाम नाही.

मोजपट्टी

पैज जिंकलो. तुमच्या मोज्यांनी फार कामाची गोष्ट सांगितलीय.

पोर्ट खालच्या टोकाला काम करतो. म्हणून तो बंद केल्यावर ४३ दबला, ८६ तसाच राहिला. याचा अर्थ बंद डब्याचे छोटे स्पीकर आणलेत तर ४३ चा प्रश्न सुटेल, कारण ते तिथे जोर लावणारच नाहीत. पण ८६? तो पाच इंची वूफरही सहज वाजवतो. म्हणजे स्पीकर बदलून तुमचा डग्गा घुमायचा थांबणार नाही. तो सोफा पुढे घेतल्यावरच थांबेल. डोकं भिंतीपासून आत्ता २० सेंटीमीटरवर असेल, ते ७० वर आणा. ८६ अंदाजे ६ डेसिबलने उतरेल. मीटरवर आणलंत तर जातोच.

नळीचं म्हणाल, तर छोटा स्पीकर २५ सेंटीमीटर खोल आणि मागे पाच-सात सेंटीमीटर जागा, म्हणजे तो खड्डा १४३ वरून २७० च्या वर सरकतो. तिथे स्पीकर मागच्या बाजूला कमी आवाज फेकतो, त्यामुळे खड्डाही उथळ होतो. भिंतीजवळ ठेवायचं तर अगदी जवळ ठेवा. अर्धा मीटर वगैरे हा अधलामधला प्रकार सगळ्यांत वाईट.

दणका

म्हणजे अडीच हजार शब्द टाकून निष्कर्ष काय, तर सोफा सरकवा?

मोजपट्टी

हो.

कानसेन

उशिरा आलोय. सोफ्याचं आणि स्पीकरचं पुरेसं झालं, मी ऐकून निवडण्याबद्दल लिहितो, कारण बहुतेक जण तिथे फसतात. मीही फसलोय, दोनदा.

पहिली गोष्ट, दोन जोड्या ऐकताना आवाजाची पातळी समान करा. एक जोडी अर्ध्या डेसिबलनेही मोठी असली तर ती "मोठी" वाटत नाही, "चांगली" वाटते. अधिक मोकळी, अधिक तपशीलवार, वगैरे. ८३ डेसिबलचा आणि ८८ डेसिबलचा स्पीकर एकाच नॉबवर ऐकवले तर दुसराच जिंकणार. पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला एकसारखा खरखराट, लावा, फोनवरचा मीटर सोफ्यावर एकाच जागी ठेवा, दोन्ही जोड्यांना नॉब कुठे येतो त्याची खूण करा. फोनचा मीटर अचूक नसतो, पण तुलनेला पुरतो.

दुसरं, दुकानातलं ऐकणं ही फक्त चाळणी. निवड घरी, तुमच्या भिंतीपाशी, तुम्ही ऐकता त्या आवाजात. हे शेवटचं फार जण विसरतात. बारीक आवाजात कान खालच्या सुरांना बहिरा होतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. जुन्या अ‍ॅम्पवर लाउडनेसचं बटण असायचं ते त्यासाठीच. तुमच्या अ‍ॅम्पवर असेल तर रात्री दाबा, कोणी शुद्धतावादी बघत नसतो.

तिसरं, ऐकायला भव्य काही लावू नका. भव्य गोष्टी सगळ्याच स्पीकरवर भव्य वाटतात. एकट्या माणसाचं बोलणं लावा. तानपुरा लावा. बोलणारा खोलीत बसलेला वाटतो की पेटीतून बोलतो, हे अर्ध्या मिनिटात कळतं.

नुसता_वाचक

वाचतोय. टॉवरचं काय ठरलं?

उंबरठा

तीन आठवड्यांनी येतोय, त्याबद्दल क्षमस्व. बरंच घडलंय.

आधी सोफा. सोफा पुढे घेतला तर मागे मोकळी जागा राहते आणि घरात मोकळी जागा दिसली की लोक विचारतात. पुस्तकांचे खोके अजून पडलेलेच होते. सोफ्याच्या पाठीइतकं बुटकं, ३० सेंटीमीटर खोल पुस्तकांचं कपाट मागे लावलं, सोफा त्याच्या पुढे. दोन्ही प्रश्न एकदम सुटले आणि सूचना आपली असल्याचं श्रेय मुलीने घेतलं. टॉवर तेव्हा जागेवरच होते. नुसत्या या एका हालचालीने माझ्या जागी डग्गा घुमायचा थांबला. स्पीकर बदलायचा बेत रद्द करावा असंही क्षणभर वाटलं. पण बाल्कनीचं दार काही सोफा सरकवून उघडत नव्हतं.

मग तीन जोड्या घरी आणून ऐकल्या, दोन उसन्या, एक परत करण्याच्या बोलीवर. नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर इथे युद्ध पेटेल.

पहिली, साडेसहा इंची, पोर्ट मागे. पहिल्या पाच मिनिटांत घरातल्या सगळ्यांना हीच आवडली. तिसऱ्या दिवशी लक्षात आलं की मी आवाज सारखा कमी करतोय. ४३ चा जुना पाहुणा परत आला होता. पोर्टात स्पंज घातल्यावर बरी झाली, पण मग आवाज दबका.

दुसरी, एककेंद्री म्हणतात ती, वरच्या सुरांचा ट्वीटर वूफरच्या पोटात. हिची एक गोष्ट विलक्षण: सोफ्याच्या कुठल्याही टोकाला बसा, गाणारा माणूस जागेवरून फारसा हलत नाही. पोर्ट मागे होता, पण चांगला अर्धा वीतभर पुढे ठेवल्यावर आणि बूच लावल्यावर जमलं.

तिसरी, बंद डबा, पाच इंची. पहिल्या रात्री निराश झालो. खरंच सांगतो, काहीतरी हरवलंय असं वाटलं, ताई, तुम्हाला मनात दोन शब्द बोललो. चौथ्या रात्री माझ्याकडचं एक जुनं मैफलीचं ध्वनिमुद्रण लावलं, वीस वर्षं ऐकतोय ते. आलाप चालू असताना तबलजी सूर जुळवायला हातोडी घेऊन तबल्याचा एक लाकडी गठ्ठा हळूच ठोकतो. टक, टक, मग बोटाने चाट, म्हणजे तबल्याची कड, वाजवून तपासतो, आणि पुन्हा एकदा टक. हा आवाज माझ्या टॉवरवर कधी ऐकला नव्हता. म्हणजे असणारच, पण डग्ग्याच्या घुमाऱ्याखाली आणि माझ्या कौतुकाखाली गाडला गेला असणार. नंतर मुद्दाम टॉवर लावून बघितले. होता. शोधल्यावर सापडला. इथे शोधावा लागला नाही.

तिसरी ठेवली.

खिडकीपाशी

मनातले दोन शब्द माफ. स्टँड घेतलेत की फडताळात कोंबलेत? बुकशेल्फ हे नाव ज्याने ठेवलं त्याला शोधतेय मी.

उंबरठा

कोंबले होते, लपवत नाही. दोन दिवस टीव्हीखालच्या कप्प्यात होते. कप्पाच वाजायला लागला, आणि ट्वीटर गुडघ्यांशी बोलत होता. मग स्टँड आणले. माझा कान सोफ्यावर जमिनीपासून ९० सेंटीमीटरवर येतो, मुलीकडून मोजून घेतलं. ६० चा स्टँड आणि डब्याच्या तळापासून ट्वीटर २५ वर, म्हणजे ८५. किंचित मागे कलवला की बरोबर कानावर. स्टँडच्या पोकळ पायात वाळू भरली, आता धक्का लागला तरी हलत नाही. वाळू भरताना घरात किती सांडली हा धाग्याचा विषय नाही.

दणका

अभिनंदन. मनापासून. सब कधी?

उंबरठा

दणकाभाऊ, खरं सांगायचं तर एखाद्या रात्री वाटतं. ऑर्गन किंवा मोठा वाद्यवृंद लावला की जमीन हरवल्यासारखी होते, ते तुमचं बरोबर होतं. पण पलीकडच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं लहान बाळ झोपतं. वरचे सूर भिंत अडवते, खालचे आरपार जातात. सध्या नाही.

मोजपट्टी

पुढेमागे घेतलात तर छोटा, बंद डब्याचा घ्या, आणि जागा ठरवायला तो आधी सोफ्यावर तुमच्या जागी ठेवा. मग स्वतः गुडघ्यांवर रांगत खोली फिरा. जिथे बेस सगळ्यांत सपाट ऐकू येईल तिथे सब ठेवायचा. ८० हर्ट्झच्या आसपास जोडा, म्हणजे त्याखालचं सगळं सबकडे. घरच्यांना आधी कल्पना द्या.

कानसेन

डावीकडे काच आणि उजवीकडे कपाट म्हणालात. गाणारा मधोमध बसतो का? माझ्याकडे अशाच खोलीत तो काचेच्या बाजूला सरकायचा.

उंबरठा

सरकत होता, डावीकडेच, हातभर. दाराला जाड पडदा लावला, रात्री ओढून घेतो. बराचसा मधे आला. उरलेलं बॅलन्सच्या नॉबने, अगदी एक टिचकी उजवीकडे. नॉब वापरणं पाप आहे असं कोणी म्हणणार असेल तर म्हणू दे.

नुसता_वाचक, टॉवर चादरीत गुंडाळून आतल्या खोलीत उभे आहेत. रात्री पाणी प्यायला उठलं की दोन माणसं उभी असल्यासारखे दिसतात. विकेन, पण इतक्यात नाही. रागावू नका.

एक राहिलंच. आईची आरामखुर्ची खोलीच्या मागच्या कोपऱ्यात आहे. ती परवा म्हणाली की हे नवे स्पीकर किती भरदार वाजतात, तुझे ते जुने ढोल उगाच एवढे मोठे होते. मी जाऊन तिच्या खुर्चीत बसलो. मोजपट्टी, तुम्ही ओळखलं असेलच, कोपऱ्यात सगळ्याच लहरींचा दाब जास्तीत जास्त. ४३, ५४, ८६, सगळे तिच्या खुर्चीत येऊन बसलेत. खुर्ची थोडी पुढे घेऊ का म्हटलं, तर म्हणाली, हात लावायचा नाही.

मोजपट्टी

लावू नका.